महाराजांचं तोंड कोण उघडणार?

राजा मेरिहोर वारल्याची बातमी आली तेव्हा इदू जेवत होता, आणि त्याने हातातला घास खाली ठेवला नाही. ही बातमी याआधी सहा वेळा आली होती. सहाही वेळा त्याने धावपळ करून खाराची पोती फोडली होती, पट्ट्यांच्या गुंडाळ्या उन्हात टाकल्या होत्या, आणि सहाही वेळा संध्याकाळच्या आत नदीपलीकडून निरोप आला होता की महाराजांनी डोळे उघडले असून लापशी मागितली आहे. सातव्या वेळी मात्र निरोप्याच्या मागोमाग महाराज स्वतःच आले, होडीतून, आडवे. तरीही इदूने त्यांना दगडी ओट्यावर ठेवून अर्धा दिवस वाट पाहिली.

राजघराण्याची प्रेतं खारात सुकवून, गुंडाळून पश्चिमेला, मेलेल्यांच्या देशात, पाठवायची, हे इदूच्या घराण्याचं काम. पण मेरिहोर चौऱ्याहत्तर वर्षं गादीवर बसला. त्याची मुलं म्हातारी होऊन मेली. इदूच्या बापाने या एका कामाची जन्मभर तयारी केली आणि काम यायच्या आत स्वतःच ओट्यावर आडवा झाला. राजा मरेना आणि पोट तर थांबत नाही, म्हणून इदूने गुपचूप बाहेरची कामं घ्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे महाराज आले त्या दिवशी कारखान्यात आधीच तीन गिऱ्हाइकं खारात मुरत होती: बीअर गाळणारा खूई, अंगाने पिंपाएवढा, गाढवांचा व्यापारी बेशा, एका पायाने लंगडा, आणि अर्ध्या शहराला जन्माला घालणारी दाई सात्रे.

महाराजांना खारात ठेवताना इदूला भडभडून आलं. कुणी पाहिलं नाही ते बरं झालं, कारण या धंद्यात रडणाऱ्या माणसाला कुणी काम देत नाही. पण हा म्हातारा त्याच्या ओळखीचा होता. दर दोन वर्षांनी तो मापं द्यायला यायचा. वयाने तो इतका आटत चालला होता की शवपेटी दर खेपेला सैल व्हायची. ओट्यावर आडवा पडून, छताकडे बघत तो इदूशी गप्पा मारायचा.

"इदू, तिकडे गेल्यावर दात परत येतात ना रे?"

"येतात महाराज. सगळे."

"मला आता दोनच उरलेत. तेही समोरासमोर नाहीत. वीस वर्षं लापशी खातोय. भाजलेल्या बदकाची तंगडी कशी लागते ते विसरलो बघ."

"तिकडे रोज मिळेल महाराज."

"तोंड उघडलं तर मिळेल," राजा म्हणायचा. "नाहीतर ताट समोर आणि मी नुसता बघत बसणार. ऐक, माझं तोंड उघडणाऱ्याच्या मनात त्या घटकेला बदकाची तंगडी पाहिजे. खुर्ची मनात ठेवून उघडलं तर ते उघडणारच नाही, मला पक्कं ठाऊक आहे. मी माझ्या बापाचं तसंच उघडलं होतं. तो बिचारा अजून उपाशी असेल." मग तो इदूचा हात धरायचा. "एवढं बघशील ना?"

"बघेन महाराज," इदू म्हणायचा. खुशीत येऊन राजा त्याच्या गालावर चापट मारायचा आणि म्हणायचा, "शाबास. माझ्यानंतर तूच."

या शेवटच्या तीन शब्दांना काही अर्थ नव्हता. महाराज ते सगळ्यांनाच म्हणायचे. पाठ खाजवून देणाऱ्याला म्हणायचे, उशी नीट करणाऱ्याला म्हणायचे. माझ्यानंतर कोण, याचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. प्रत्येकाबरोबर वेगळा केला होता.

आणि आमच्याकडे गादीचा कायदा फार सोपा आहे. राजाचं तोंड जो उघडतो तो राजा. सत्तराव्या दिवशी देह गुंडाळून तयार झाला की बिबळ्याचं कातडं पांघरून मुलाने पुढे व्हायचं, लोखंडी वाकस, म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, मेलेल्याच्या ओठांना लावायचा आणि म्हणायचं, "बाबा, तुमचं तोंड मी उघडलं." तेवढ्याने त्याला तिकडे खातापिता येतं आणि वाकस धरणाऱ्याला इकडे राज्य मिळतं. पोटचा मुलगा नसला तरी अडत नाही. जो मुलाचं काम करतो तो मुलगा.

म्हणजे सत्तर दिवसांकरता अख्खं राज्य इदूच्या ओट्यावर पडलेलं होतं.

बाविसाव्या दिवशी युवराज इमा पालखीतून आले. हे राजाचे नातू, वय वर्षं अडुसष्ट, त्यातली चाळीस युवराज म्हणून गेलेली. गुडघे सुजलेले, स्वभावही सुजलेलाच.

"किती दिवस राहिले रे?"

"अठ्ठेचाळीस, युवराज."

"अरे, जरा आटपत नाही का लवकर? मला माझं वय बघितलं पाहिजे."

"खार आपल्या वेळाने ओढतो, युवराज. घाई केली तर महाराजांना वास येईल."

"येऊ दे की. कोण हुंगणार आहे?" इमाने आपले दोन शिपाई दारात बसवले. "एकोणसत्तराव्या दिवशी देह माझ्या वाड्यावर आला पाहिजे. दुसरीकडे गेला तर तुझे हात तोडीन."

तिसाव्या दिवशी प्रधान हेनू आला. तो कधी आवाज चढवत नसे. त्याने इदूची चौकशी केली, इदूच्या बायकोची केली, खाराच्या भावाचीही केली, आणि मग म्हणाला, "मला स्वतःला काही नको, इदू. पण देशाचं काय? देशासाठी माणसाला नको असलेल्या खुर्चीवरही बसावं लागतं. देह माझ्याकडे पाठव. आणि याबद्दल कुठे बोललास तर देशासाठीच तुझी जीभ कापावी लागेल. मला वाईट वाटेल." त्यानेही दोन शिपाई ठेवले.

सदतिसाव्या दिवशी राणी तेमा आली, महाराजांची सत्ताविसावी आणि शेवटची. तिला स्वतःच राजा व्हायचं होतं. राजाला दाढी लागते म्हणून तिने आतापासून सवयीकरता बकरीच्या केसांची दाढी दोऱ्याने कानाला अडकवली होती.

"राणीसाहेब, यावं," इदू म्हणाला.

"महाराज म्हण."

"महाराज, यावं."

"मी त्यांना अकरा वर्षं लापशी भरवली. एकेक घास. या लोकांनी काय केलं? देह मला पाहिजे, नाहीतर तुझं डोकं..." इथे दाढी घसरून तोंडात गेली आणि वाक्य अर्धं राहिलं. पण अर्थ पोचला. तिचेही दोन शिपाई दाराशी बसले. सहाजण आधी एकमेकांकडे डोळे वटारून बघायचे. आठवडाभरात त्यांनी जमिनीवर घरं आखून सोंगट्यांचा डाव मांडला आणि इदूच्या बायकोकडे कांदे मागू लागले.

शहराची अवस्था याहून वाईट होती. आमच्याकडे साक्षीदार राजाच्या जिवाची शपथ घेतो. आता राजाच नाही म्हटल्यावर शपथ कुणाच्या जिवाची घेणार? त्यामुळे लोक कचेरीत जाऊन बिनदिक्कत खोटं बोलू लागले. एकाच गाढवाचे पाच मालक निघाले. न्यायाधीश सकाळी इमाच्या बाजूने निकाल द्यायचा, दुपारी हेनूच्या, आणि संध्याकाळी राणीची माणसं आली की आजारी पडायचा. कालव्याचं दार कुणी उघडायचं यावर तीन हुकूम निघाले आणि दार बंदच राहिलं. एरवी राजाच्या नावाने बोटं मोडणारे लोक आता त्याच्या आठवणी काढू लागले.

साठाव्या दिवशी इदूने घरी पाऊल टाकताच त्याची बायको नुबेत म्हणाली, "अहो, चेहरा बघा जरा आरशात. खारात तुम्ही होता की महाराज?"

इदूने सगळं सांगितलं. नुबेतने बोटं मोजली. "एक हात तोडणार, एक जीभ कापणार, एक डोकं घेणार. मग मला काय उरवलंय त्यांनी तुमचं?"

"चेष्टा सुचतेय तुला! अगं, देह एक आणि मागणारे तीन. कुणालाही दिला तरी उरलेले दोघं मला सोडणार नाहीत. आणि मी म्हाताऱ्याला शब्द दिलाय. या तिघांच्या मनात खुर्चीशिवाय आहे काय? तो तिकडे जन्मोजन्म ताटासमोर उपाशी बसेल, नुबेत. मला ते बघवणार नाही."

 नुबेतने भाकरी थापली, दुसरी थापली. मग म्हणाली, "गुंडाळल्यावर माणूस कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? गुंडाळल्यासारखा."

"खूई बीअरवाला?"

"तोही तसाच. जरा मोठा."

"बेशा? सात्रे?"

इदूच्या हातातली भाकरी थांबली. "नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. आमच्या घराण्यात आजवर एकही देह इकडचा तिकडे झालेला नाही. माझ्या बापाने..."

"तुमच्या बापाला कुणी हात तोडीन म्हणालं नव्हतं. आणि फसतंय कोण? राजाला राजासारखं पुरतील ना? मग त्या तिघांनाही तसंच पुरतील, सोन्यात. नाहीतर त्यांच्या नशिबी वाळूतला खड्डा आणि दोन भाकऱ्या."

"त्यांच्या घरच्यांना काय सांगू?"

"सात्रेला कुणी नव्हतं. बेशाला गाढवं होती. राहिली खूईची बायको. तिच्याशी मी बोलते."

खूईच्या बायकोने ऐकून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. "तीस वर्षं दारू पिऊन ओरडत यायचा, मी राजा आहे, मी राजा आहे," ती म्हणाली. "मीच मेली विश्वास ठेवत नव्हते. न्या त्याला. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

उरलेले दिवस इदू चार देह गुंडाळत होता. पट्टी कुठे सैल पडली नाही. तिघांच्या पेट्यांवर त्याने राजाचं नाव लिहिलं. महाराजांच्या साध्या लाकडी पेटीवर लिहिलं: खूई, बीअरवाला. लिहून झाल्यावर त्याने पेटीपाशी वाकून हळूच माफी मागितली.

एकोणसत्तराव्या दिवशी सकाळी इमाची माणसं आली. आठजणांनी पेटी उचलली आणि तिघं मटकन खाली बसले.

"एवढं वजन?" पालखीतून इमा म्हणाला. "आजोबा शेवटी शेवटी चिमणीएवढे झाले होते."

 "युवराज," इदू म्हणाला, "चौऱ्याहत्तर वर्षांचं राज्य आहे. अंगी लागतं ते."

इमाला हे पटलं. मनातून आवडलंही असावं, कारण त्याने पालखीत स्वतःचं पोट चाचपून पाहिलं. त्याचे दोन्ही शिपाई डाव अर्धा टाकून निघाले, आणि जाताना बाकीच्या चौघांकडे बघून कीव करत हसले. ते चौघं जागचे हलले नाहीत, कारण खरा देह तुमच्याच धन्यासाठी आत ठेवलाय, असं इदूने त्यांच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी प्रधान हेनू आला. तो हुशार माणूस. त्याने झाकण सरकवून गुंडाळलेल्या देहावरून हात फिरवला, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता तिथे थांबला, आणि इदूकडे बघितलं. इदूने जमिनीकडे बघितलं.

"सकाळी युवराज काहीतरी घेऊन गेले म्हणतात," हेनू म्हणाला.

"हो, प्रधानजी. काहीतरी घेऊन गेले."

"आणि हे जे आहे ते महाराज आहेत."

"पेटीवर तसंच लिहिलंय, प्रधानजी."

हेनूने क्षणभर विचार केला. "लिहिलंय ना? मग झालं. मी काही पट्ट्या सोडून बघणार नाही. राज्य करायचं तर काही गोष्टी न बघता यायला हव्यात." त्याचे दोन शिपाई उरलेल्या दोघांकडे बघून हसत गेले.

ऊन कलल्यावर राणी तेमा आली. तिने पेटीवर हात ठेवला आणि चक्क रडली. "कधी एकदा गोड बोलले नाहीत मेले," ती म्हणाली, "पण लापशी मात्र माझ्याच हातची खायचे." इदूला एकदम वाटलं, हिला खरा देह द्यावा. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात राणीने डोळे पुसले आणि विचारलं, "खुर्ची माझ्या मापाने बारीक करून घेता येईल ना रे? मोठी होते मला." इदूने तोंड मिटलं. सात्रे दाई राजाच्या नावाने दाढीवाल्या राणीबरोबर गेली. शेवटचे दोन शिपाई सोंगट्याही घेऊन गेले.

दुसरा दिवस सत्तरावा. इदूने पहाटे गाढव बाहेर काढलं, "खूई, बीअरवाला" असं लिहिलेली पेटी त्यावर बांधली आणि नुबेतबरोबर वाळवंटाच्या कडेला गेला. तिथे गरिबांचे खड्डे असतात. कुणी ढुंकून बघितलं नाही. खड्डा खणता खणता दिवस गेला, कारण मदतीला माणूस घ्यायची सोय नव्हती. नुबेतने काटक्या पेटवून मातीचं झाकणाचं भांडं त्यावर ठेवलं होतं. आत काय आहे ते तिने सांगितलं नाही.

खड्डा झाल्यावर त्याने देह पेटीतून काढून उभा केला. हलका होता, गवताच्या पेंढीएवढा. नुबेतने मागून धरला. इदूने बापाचा लोखंडी वाकस काढला. बिबळ्याचं कातडं नव्हतं, म्हणून शेजाऱ्याकडून मांजराचं आणलं होतं.

"बोला," नुबेत म्हणाली.

इदूने वाकस उचलला. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या मनात आलं: राजाचं तोंड जो उघडतो तो राजा.

त्याने वाकस खाली घेतला.

"काय झालं?"

"खुर्ची आली मनात."

"मग काढा तिला."

त्याने डोळे मिटले, बदक, बदक असं पुटपुटला आणि पुन्हा वाकस उचलला. आता बदक दिसलं, पण सोन्याच्या ताटात. ताट टेबलावर, टेबल दरबारात, आणि दरबारात मध्यभागी इदू, हातात राजदंड. त्याने पुन्हा वाकस खाली घेतला. तिसऱ्या खेपेला तर हेनू प्रधान त्याच्या पाया पडताना दिसला आणि तो इतका गोड देखावा होता की इदूला तो लवकर पुसताही येईना.

तो वाळूत बसला. त्याला स्वतःची किळस आली. "मीही त्यांच्यातलाच निघालो गं," तो म्हणाला. "बोट दाखवत होतो तिघांना. आता सूर्य बुडेल. सत्तरावा दिवस संपला की मग तोंड उघडत नाही. मी त्याला उपाशी मारला." आणि तो रडू लागला, धंद्याची पर्वा न करता.

नुबेत महाराजांना धरून उभी होती. तिने एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. "सकाळपासून पोटात काय गेलंय तुमच्या?"

"काही नाही."

"काल?"

"काल तीन पेट्या गेल्या. खायला वेळ कुठे होता?"

नुबेतने एका हाताने महाराजांना सावरलं आणि पायाने भांड्यावरचं झाकण उडवलं.

वास आला. कांद्यात, जिऱ्यात, स्वतःच्या चरबीत सबंध दिवस मंद भाजलेल्या बदकाचा वास. इदूचं डोकं आपोआप वळलं. त्याच्या पोटाने असा आवाज केला की गाढवाने कान टवकारले. तंगडीवरची कातडी तांबूस होऊन फुटली होती आणि फटीतून रस ओघळत होता. इदूच्या मनात ना दरबार राहिला, ना हेनू, ना खुर्ची.

"आता! उठा!" नुबेत ओरडली.

तो उठला, डोळे भांड्यावर ठेवूनच, आणि वाकस महाराजांच्या ओठांना लावला. तोंडाला सुटलेलं पाणी गिळत तो म्हणाला, "बाबा, तुमचं तोंड मी उघडलं."

वाऱ्याने असेल किंवा नुबेतच्या हाताने असेल, पण महाराजांची मान किंचित पुढे झाली. इदूने लगेच एक तंगडी तोडून त्यांच्यासमोर धरली. चांगली, मोठी, उजवी. "जेवा महाराज," तो म्हणाला. "दात आलेत आता." मग त्याने ती त्यांच्या शेजारी खड्ड्यात ठेवली, वाळू लोटली आणि कांदाही ठेवायचा राहिला म्हणून पुन्हा उकरली.

सूर्य बुडता बुडता नदीपलीकडून ढोल ऐकू आले. आधी इमाच्या वाड्यावरून, मग हेनूच्या, मग राणीच्या. तिन्हीकडून नव्या राजाचा जयजयकार चालला होता. गरिबांच्या खड्ड्यांपाशी नवराबायको वाळूत बसून उरलेलं बदक खात होती.

"माझ्यानंतर तूच म्हणाला होता मला," इदू जेवता जेवता म्हणाला. "मी हसलो होतो."

"हो का?" नुबेतने त्याच्याकडे नीट बघितलं. हाताला चरबी, खांद्यावर मांजराचं कातडं, नाकाला वाळू. "मग हुकूम करा काहीतरी."

इदूने बराच विचार केला. "दुसरी तंगडी मला दे," तो म्हणाला.

"ती मी खाल्ली," नुबेत म्हणाली. "आणि तीन राजे झालेत एकाच दिवशी. महिन्याभरात एकेक करून आपल्याकडेच येतील. उद्या उठल्याबरोबर खार मागवा."

"हो," राजा म्हणाला, आणि भांडं घासायला घेतलं.